पाठांतर

"न्यायाधीश काय करतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन्ही बाजू ऐकतात आणि निकाल देतात, साहेब." भाऊ ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर. सांगितलं होतं अगदी तसा.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बहिणीने हाताचं एक बोट मिटलं. एक पार पडलं.

खटला चालवण्याइतकं याचं डोकं ठिकाणावर आहे का, एवढंच डॉक्टरांना ठरवायचं होतं. वकील तिला म्हणाला होता, "ताई, नाही म्हणाले तर सोन्याहून पिवळं. मनोरुग्णालयात ठेवतील, बरा होईपर्यंत." त्या 'बरा होईपर्यंत'नेच तिची झोप उडाली होती. तुरुंगाला निदान सुटकेची तारीख असते. काकाही असाच बरा होईपर्यंत गेला होता. घरी परत आला तो नुसता त्याचा चष्मा.

म्हणून तिने प्रश्न मिळवले. तुरुंगाच्या भेटीच्या रांगेत काय मिळत नाही? हे डॉक्टर सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारतात, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग दर भेटीला जाळीच्या अलीकडून तिने भावाकडून उत्तरं घोटून घेतली, लहानपणी पाढे घ्यायची तशी.

"तुमचा वकील कशासाठी असतो?"

"माझी बाजू मांडायला. त्याच्यापासून काही लपवायचं नाही, साहेब."

"वा!" डॉक्टर खूश झाले. सर्दीने ते बेजार होते, आणि शहाणा आरोपी म्हणजे लवकर घरी. पुढच्या प्रश्नासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि ते जोरात शिंकले.

"माझ्यावर दुकान जाळल्याचा आरोप आहे, साहेब," भाऊ म्हणाला.



डॉक्टरांचा रुमाल नाकाशीच थांबला. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग सावकाश बहिणीकडे. ती घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागली. खिडकी बंद होती.

प्रश्न न विचारता डॉक्टरांनी बोटाने टेबलावर टकटक केलं.

"दोषी ठरलो तर शिक्षा होईल, साहेब."

टकटक.

"शिक्षा संपली की घरी जाईन, साहेब."

संपलं. एवढंच होतं. बास रे बाळा, आता गप्प बस, ती मनात म्हणत होती. भावाचा चेहरा मात्र खुलला होता. एकही उत्तर अडलं नव्हतं.

डॉक्टरांचं बोट पुन्हा वर गेलं.

"डॉक्टर, दमलाय हो तो..." ती अर्धवट उठली.

टकटक.

"आणि काही झालं तरी ताईकडे बघायचं नाही, साहेब," भाऊ म्हणाला, आणि शाबासकीसाठी त्याने तिच्याकडे बघितलं.