पान्याचे तीन ठोके

या, असे सतरंजीवर पुढं सरकून बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे, बुवांची गाडी यायची आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. आपल्या केडगावचीच आहे, पण तिचं दुसरं टोक पार आफ्रिकेत आहे.

गहिनीनाथ मिस्त्रींच्या ओसरीवर टांझानियाची नीमा बसली होती. आल्या आल्या तिनं मिस्त्रींच्या फोटोला हात जोडले, त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, ‘ममा’ म्हणत मिठी मारली. बाई अवघडल्या. “लई उंच हाय गं,” एवढंच सुनेला म्हणाल्या.

नीमा हापसे दुरुस्त करायची. बोअरच्या एका कंपनीनं मिस्त्रींना काही वर्षं तिकडं नेलं होतं, तेव्हा ती त्यांच्या हाताखाली शिकली. मिस्त्री परत आले तरी शिकवणं थांबलं नाही. टांझानिया, मलावी, युगांडा, झांबिया, गावोगावचे हापशाचे मिस्त्री मोबाईलवरच्या एका ग्रुपात जमले. कुणाचा दट्ट्या अडकला, कुणाचा पाइप सुटून खोल गेला, की आपले मिस्त्री मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत, स्वाहिलीत उपाय बोलून पाठवायचे. बोलून झालं की त्यांना चहा लागायचा. पण हाक मारणं नाही. टाळकरी माणूस, पाइपावर पाना वाजवायचे. दोन ठोके सावकाश, तिसरा खणकन. आतून बाई “आले, आले” म्हणायच्या आणि आधण ठेवायच्या.

मिस्त्रींना जाऊन दीड वर्ष झालं होतं. फोटो होता, टोपी होती, टाळ खुंटीला होते. आवाज तेवढा कुठंच नव्हता. बिघडलेला मोबाईल मुलानं दुकानात दिला. दुरुस्त होऊन आला तो कोरा. म्हणून सुनेनं, धनश्रीनं, नीमाला कळवलं होतं, की बाबांचे धडे तुमच्याकडं असतील, पुण्याला येताय तर घेऊन या.

शेजारच्या चांगुणाबाई सकाळीच टोचून गेल्या होत्या. “काय गं, हुते तवा म्हनायचीस, बडबडीनं कान किटले. आता पावडर लावून बसलीस व्हय ऐकायला?”

“बसले. तुला काय करायचंय?” मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, आणि खरंच त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

नीमानं मोबाईल पुढं ठेवला आणि पहिला धडा लावला. कुणी तरुण पोरगा बोलू लागला. बाईंनी मान हलवली. दुसरा लावला, ती कुणी बाई होती. तिसऱ्यात एक म्हातारा खोकला आणि बोलू लागला. दोन शब्दांच्या पुढं बाई एकही ऐकेनात.

“ह्ये न्हवं. त्येंचा लाव म्हनावं.”

धनश्रीनं इंग्रजीत विचारलं. नीमा बराच वेळ बोलली.

“आई,” धनश्री खाली बघत म्हणाली, “बाबांचा एकही नाही. ग्रुपचा नेम आहे. ज्याला धडा नीट समजला, त्यानं तो आपल्या भाषेत, आपल्या तोंडानं सांगायचा. तो ठेवायचा आणि आधीचा पुसायचा. साध्या मोबाईलात जागा नसते तेवढी.”

“असला कसला मेला नेम? कुनी काढला?”

नीमाला शब्द कळले नसतील, पण विचारणं कळलं. तिनं फोटोकडं बोट केलं. “मिस्त्री,” ती म्हणाली.

मनकर्णाबाई त्या फोटोकडं बघत राहिल्या. कीर्तनाहून परत येताना हा माणूस दर खेपेला तेच बोलायचा. बुवांच्या गळ्यातलं नाम बुवांसंगं जातं गं. मागच्या टाळकऱ्यानं उचललं, तर ऱ्हातं.

त्यांनी पदरानं मोबाईलची काच पुसली.

“असू द्या. बोलू द्या त्या बिचाऱ्याला. पुरं ऐकू.”

नीमानं म्हाताऱ्याचा धडा पुन्हा लावला. एक अक्षर कळत नव्हतं, तरी बाई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. धडा संपला. लोखंडावर लोखंड वाजलं. ठण्. ठण्. खण्ण!

“आले, आले,” म्हणत मनकर्णाबाई उठल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि चौकट धरून तिथंच थांबल्या.

मागं तरुण पोराचा धडा लागला. शेवटी तेच तीन ठोके. मग त्या बाईचा. तिच्याही शेवटी तेच.

नीमा काहीतरी विचारत होती. ते मराठीत सांगताना धनश्रीला दोनदा थांबावं लागलं.

“आई, ती विचारतेय, या तीन ठोक्यांनी नक्की काय तपासायचं असतं? बाबा दर धड्याच्या शेवटी वाजवायचे, म्हणून तिकडं सगळेच वाजवतात. हापसा जोडून झाला तरी ते वाजवल्याबिगर कुणी हत्यारं आवरत नाही. पण कशासाठी, ते विचारायचं राहून गेलं. तुम्हाला माहीत असेल, म्हणते.”

मनकर्णाबाई पाठमोऱ्याच होत्या. नळाखाली पातेलं धरल्याचा आवाज आला.

“बराबर करत्यात म्हनावं,” त्या आतून म्हणाल्या. “सोडू नका. त्याबिगर काम पुरं हुत न्हाई.”

आणि त्यांनी आधण ठेवलं.

आले वाटतं बुवा. चला, टाळ घ्या हातात. मिस्त्रींची आठवण तर चार देशांतले हापसे काढतात. गजराचा पहिला टाळ वाजेल, तेव्हा तुम्ही तेवढी मनकर्णाबाईंची आठवण ठेवा.