लागरचा शेवटचा नळ

"घट्ट बांध. नाहीतर लोक म्हणतील, फटीतून बघितलं," वेंडेल क्राउझ म्हणाला. रोंडाने बारचा फडका त्याच्या डोळ्यांवर असा आवळला की त्याचे कान बाहेर आले.

पैज त्यानेच ओढवून घेतली होती. बारला नळ सहा. पाचांतून आयपीए ही कडू बिअर यायची आणि सहाव्यातून वेंडेलची सौम्य लागर. बिअर बनवायची वेंडेलने आणि विकायची रोंडाने, अशी दोघांची भागीदारी. आज दुपारी ती म्हणाली, "सहावा नळही आयपीएला देऊन टाकू. लागर कोणी मागत नाही रे. पिंपातच म्हातारी होते बिचारी."

वेंडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही लागर बनवायलाच तर तो मिलवॉकी सोडून ओरेगनमधल्या या लाकूडगिरण्यांच्या गावात आला होता. थंड पिंपात दीड महिना निवांत पडून राहणारी, सोनेरी, सौम्य लागर. तिच्यावर तुझा माझ्यापेक्षा जास्त जीव आहे, असं त्याची बायको घर सोडताना म्हणाली होती. तो नळ बंद झाला तर आपण इथे नेमके कशासाठी राहतो, हेच त्याला सांगता आलं नसतं.

"लोक चव घेतात कुठे? फॅशन पितात!" तो गरजला. "डोळे बांधून प्यायला द्या, मग कळेल कोणती बिअर खरी ते."

"मग आधी तूच बांध," रोंडा म्हणाली. "लागर ओळखलीस तर नळ तुझा."

"झोपेत ओळखीन!"

आयपीएचं खूळ रोंडाचंच. काही वर्षांपूर्वी तिने हट्टाने पहिली आयपीए करायला लावली. हॉप्सची ती हिरवी, कडू बोंडं वेंडेलने नाक मुरडत पिंपात टाकली आणि जाहीर केलं, "ही बिअर नाही. घोड्याच्या जखमेवर लावायचं औषध आहे." रोंडाने तिचं नाव 'लाकूडतोड्या' ठेवलं आणि गाव तिच्यावर तुटून पडलं. मग नदीपलीकडच्या बिअरवाल्याने दुप्पट हॉप्स टाकले. यांनी तिप्पट टाकले. लाकडाचा ट्रक चालवणारा लायल पहिला घोट घ्यायचा, त्याची कानशिलं लाल व्हायची, डोळ्यांना पाणी यायचं. मग आजूबाजूला बघून तो म्हणायचा, "बरी आहे. अजून थोडी कडू चालली असती." आता लायलला चालते म्हटल्यावर बाकीच्यांनी माघार कशी घ्यायची? अशाने 'दुप्पट लाकूडतोड्या' आली, आणि तिच्या मागोमाग 'वणवा'. वेंडेल शिव्या घालत बनवायचा. रोज सकाळी प्रत्येक पिंपातला घोटही शिव्या घालतच घ्यायचा. पण घ्यायचा, कारण चाखल्याशिवाय बिअर बाहेर सोडणाऱ्यांतला तो नव्हता.

आता सगळा बार काउंटरभोवती गोळा झाला होता. थुंकायला बादली ठेवली होती, मध्ये चूळ भरायला सोडा होता.

पहिला ग्लास हातात आला. वेंडेलने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "वणवा. परवाच्या पिंपातला."

"बरोबर!" लायल ओरडला. टाळ्या पडल्या.

दुसरा ग्लास. "दुप्पट लाकूडतोड्या. रोंडा, लहान मुलांचे खेळ नकोत. काहीतरी अवघड दे."

पुन्हा टाळ्या. हातात आणखी एक ग्लास आला. वेंडेलने मोठा घोट भरला, गालांत खळखळ फिरवला आणि पच्चकन बादलीत थुंकला. "हं, जीभ साफ झाली. आता आण पुढचा."

टाळ्या वाजल्या नाहीत. कोणीतरी खोकलं. यांची आता माझ्याबद्दल खात्रीच पटलीय, वेंडेलला वाटलं. घाबरलेत लेकाचे.

पुढचा ग्लास त्याने ओठांना लावला आणि तो थबकला. आणखी एक घोट घेतला. फडक्याखाली त्याचे डोळे भरून आले.

"हीच," तो हलक्या आवाजात म्हणाला. "हीच माझी लागर. किती सौम्य आहे बघा. भाजल्या पावाची चव येते, शेवटी थोडा मध. कुठे टोचणं नाही, बोचणं नाही. अरे, हिला नळावरून काढायला निघाला होतात?"

लायलने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. गावाला पश्चात्ताप झाला, असं समजून वेंडेलला भरून आलं. त्याने डोळ्यांवरचा फडका खेचून काढला.

"काय रोंडा? नळ राहिला ना माझा?"

रोंडा हसत नव्हती. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी एवढ्या मायेने कधी बोलली नव्हती.

"वेंडेल, तुझ्या हातात आहे ना, ती साधी 'लाकूडतोड्या' आहे. आपली पहिली आयपीए."

"घोड्याचं औषध?" लायलच्या तोंडून निघून गेलं.

वेंडेलने ग्लासात पाहिलं. मग ओळीने बाकीच्या ग्लासांकडे पाहिलं. "शक्यच नाही. मग माझी लागर कुठे आहे? द्यायला विसरलीस तू!"

रोंडाने काउंटरवरची सोड्याची बाटली उचलून त्याच्यासमोर धरली. तिचं झाकण अजून उघडलेलंच नव्हतं.