कॉम्प्युटरचा सल्ला

नाशिकच्या एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मोठ्या थाटात कॉम्प्युटर बसला. एक सेन्सर गटारातून येणारं पाणी तपासणार, दुसरा गोदावरीत सोडायचं पाणी तपासणार, आणि पुढे काय करायचं ते कॉम्प्युटर सांगणार.

"आता कुणी डोकं चालवायचं नाही. तो सांगेल तेच करायचं," निकम साहेबांनी बजावलं. ऑपरेटर सावळीरामला हे लगेच जमलं. त्याला अठरा वर्षांचा अनुभव होता.

अडचण एकच होती. दोन्ही सेन्सरवर रोज गाळ बसायचा आणि घाणीत हात घालून ते सावळीरामनेच धुवायचे. आठव्या दिवशी तो वैतागला. "लय झाली सेवा," म्हणत त्याने दोन्ही सेन्सर वर ओढले आणि फिल्टरच्या पाण्याने भरलेल्या बादलीत सोडून दिले. स्क्रीनवरचे सगळे आकडे हिरवेगार झाले. साहेबांनी पेढे वाटले. सावळीरामने दोन जास्तीचे खाल्ले.

महिनाअखेरीस कॉम्प्युटरने पहिला सल्ला दिला. साहेबांनी तो सगळ्यांसमोर कौतुकाने वाचला आणि खाली लगेच सही ठोकली.



"येणारे सांडपाणी मुळातच शुद्ध आहे. ऑपरेटरचे पद रद्द करावे."