साधी गाठ

"वहिनी, दादाच्या पोटात साधी गाठ होती. काढली डॉक्टरांनी," ऑपरेशन थिएटरबाहेर दीर म्हणाला. त्यानं नजर चुकवली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. तिच्या वडिलांच्या वेळीही सगळे असंच म्हणाले होते. रोग पसरलेला पाहून पोट उघडून तसंच शिवलं होतं, हे तिला ते गेल्यावर कळलं. "मी दूधखुळी नाही, भावजी. डोळे का लाल झालेत?" "दादाला आत नेलं तेव्हा रडलो. माणूस आहे मी!" तेवढ्यात सर्जन ट्रे घेऊन बाहेर आले. त्यात काढलेली गाठ होती, नारळाएवढी, पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी. "ही त्यांचीच कशावरून? ठेवणीतली दाखवत असाल सगळ्यांना." दिरानं कपाळावर हात मारला. सर्जनांनी हसून पिशवी दिव्यापुढे धरली. उजेड आरपार गेला. तिनं बोट लावलं. गाठ अजून कोमट होती, नवऱ्याच्या अंगाइतकी. "तपासायला पाठवायचीय, ताई," सर्जन म्हणाले, तरी तिचं बोट निघेना.