सगळ्यांना एकच प्रिंटर

हिशेबनीस बाई कुबड्यांवर चालायच्या, म्हणून त्यांच्या टेबलावरच एक छोटा प्रिंटर होता. नव्या साहेबांनी तो उचलायला लावला आणि ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर पॅसेजच्या टोकाच्या मोठ्या प्रिंटरला जोडून घेतले.

"साहेब, माझ्यापुरता तेवढा राहू द्या ना," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला दिला की उद्या सगळेच मागतील."

तेव्हापासून बाई प्रत्येक प्रिंटसाठी तिथवर जायच्या आणि हात मोकळे नसल्यामुळे कागद दातांत धरून परत यायच्या.

हेड ऑफिसला ही व्यवस्था फार आवडली. प्रिंटरभोवती सगळ्यांचा फोटो काढून पाठवायचं ठरलं.



साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही मधोमध उभ्या राहा आणि कुबड्या नीट दिसू द्या. आपण माणसांची किती काळजी घेतो, ते वर कळू दे."