तयार हात

तव्यावरची भाकरी सासूबाईंनी बोटांनीच उलटली. बोटं तव्याला टेकली, तरी हात मागे आला नाही.

"हात तयार आहे हिचा," सासरे कौतुकानं म्हणाले. मला मात्र बोटांवरचे जुने फोड दिसले.

मी फिजिओथेरपिस्ट. त्यांना डोळे मिटायला सांगून बोटांना आधी गार तांब्या लावला, मग कढत चहाचा पेला. त्यांना फरक सांगता येईना.

"आई, काही नसा हात हलवतात, काही स्पर्श मेंदूला कळवतात. तुमच्या कळवणाऱ्या थकल्यात. मधुमेहानं होतं असं. उद्याच डॉक्टरांकडे जाऊ."

त्या उठून पाळण्याशी गेल्या. झोपलेल्या नातीच्या गालावर त्यांनी बोटं टेकवली.

"हिचा मऊ गाल बोटांना कळत नाही, ते या नसांमुळं होय गं?" त्यांचे डोळे भरून आले. "मला वाटलं, माझी मायाच आटली."