इसार

सागर गाडीखाली शिरला तो पाऊण तास बाहेर आला नाही. अशाच दोन जुन्या गाड्या घरी पोसून तिसरीसाठी पुण्याहून नांदुऱ्याला आलेला माणूस. अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि पाठीखाली रेणुकाबाईंनी अंथरून दिलेलं पोतं. टिनाच्या शेडबाहेर त्याचे फक्त बूट दिसत होते. उकंडराव खुर्ची टाकून त्या बुटांशीच बोलत होते.

"ब्याऐंशीची फियाट हाय, सागरभाऊ. इटलीचा बांधा. पत्रा वाजवून पाहा."

"काका, ऑइल कधी बदललं?"

"आताच. म्हणजे... दिवाळीत."

"बैलपोयाच्या हप्त्यात," ओट्यावर वालाच्या शेंगा मोडत बसलेल्या रेणुकाबाई म्हणाल्या.

"आणि प्लग?"

उकंडरावांनी बायकोकडे पाहिलं.

"चारही नवे. जुने डब्यात हायेत, पायजे तं दावते."

उकंडरावांना गाडीची किंमत पाठ होती. गाडी पाठ होती बाईंना. काचबिंदू झाल्यापासून अकरा वर्षं उकंडरावांनी ती फाटकाबाहेर काढली नव्हती, आणि दुसऱ्या कोणाला काढू दिली नव्हती. उभ्या गाडीचाही एक रुबाब असतो, आणि त्याला पेट्रोल कमी लागतं.

सागर बाहेर आला, हात पुसत त्यानं विचारलं, "मालक किती झाले?"

पुण्याकडे जुनी गाडी घेताना हे विचारतातच. इकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात. रेणुकाबाईंच्या हातातली शेंग थांबली.

"एकच," त्या म्हणाल्या. "तिलेबी अन् मलेबी."

सागर हसला. उकंडरावही हसले, जरा उशिरानं.

भाव फार ताणला गेला नाही. सागरनं आगाऊ म्हणून काही नोटा पुढे केल्या. उकंडरावांनी त्या कपाळाला लावून बंडीच्या खिशात घातल्या आणि बाजारात उभं असल्यासारख्या मोठ्या आवाजात म्हणाले, "इसार घेतला. गाडी तुमची. आता देव आला तरी सौदा फिरणार नाही."

सागर स्टिअरिंगवर बसायला गेला आणि त्याचे गुडघे चाकाला अडले.

"काका, तुम्ही एवढे उंच. सीट इतकी पुढे कोणी ओढली?"

"मोतीराम मिस्त्री असन."

"मोतीराम तुमच्याहून हातभर उंच हाय," रेणुकाबाई म्हणाल्या. मग शेंगांकडे पाहत म्हणाल्या, "म्या ओढली. रोज सकाळी चालू करून ठेवते दहा मिन्टं. बॅटरी उतरू नाही म्हणून."

"हे मले मालूम हाय," उकंडराव म्हणाले. "म्याच सांगतलं होतं."

पण जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या माणसाला असं अर्धं उत्तर पुरत नाही. "मावशी, किल्ली तर बाहेर उभं राहूनही फिरते. सीट कशाला पुढे?"

रेणुकाबाईंनी एक शेंग मोडली, दुसरी मोडली.

"मंग इंजिन बंद करून गिअर टाकते. पह्यला, दुसरा, चारही. पाय पुरले पायजे ना क्लचवर."

उकंडराव खुर्चीतून अर्धे उठले. "तुले कोणं शिकवलं बे?" बायकोला ते कधी बे म्हणत नसत, घाईत निघून गेलं.

"तुमीच. तीस वर्षं बाजूले बसून पाह्यलं."

"आणि चालवली नाही कधी?" सागरनं विचारलं.

त्याचं उत्तर उकंडरावांनी दिलं. "चालवते कशी? माह्या चालत्या गाडीले म्या दुसऱ्याचा हात लागू देल्ला नाही. बाईमाणूस गाडी काढते म्हटलं तं अख्खा नांदुरा हसन."

रेणुकाबाई उठल्या. ओच्यातली सालं झटकली.

"इसार घेतला ना तुमी?"

"घेतला."

"मंग गाडी कोणाची?"

उकंडरावांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला. चाळीस वर्षं कापसाच्या बाजारात काढलेला माणूस. इसार घेऊन शब्द फिरवणाऱ्याला त्या बाजारात कोणी बुडाखाली पोतंसुद्धा देत नाही, हे त्यांनीच चारचौघांत हजारदा सांगितलेलं.

"सागरभाऊची," ते म्हणाले.

रेणुकाबाई सागरकडे वळल्या. मघापासून धीट असलेला आवाज आता एकदम बारीक झाला. "भाऊ, तुमच्या गाडीले जराक हात लावू का?"

सागर पलीकडच्या बाजूला सरकला.

त्यांनी चपला बाहेर काढल्या, देवघरात काढाव्या तशा, आणि आत बसल्या. इंजिन पहिल्या किल्लीत लागलं. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा न पाहताच त्यांच्या हाताला सापडला. गाडी एकदा दचकली, मग दचकली नाही. उकंडराव बाजूनं चालत होते. "ब्रेक! अवं, ब्रेक पाहा!" फाटक बंद होतं. पळत पुढे जाऊन ते त्यांनाच उघडावं लागलं.

गाडी रस्त्याच्या तोंडाशी येऊन थांबली. डावीकडे स्टेशन, उजवीकडे मलकापूर. दोन्ही बाजूंना रस्ता रिकामा पडलेला.

"मावशी, कुठे घेता?"

रेणुकाबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्ही हात चाकावर, पाय क्लचवर घट्ट.

"थांबा भाऊ," त्या म्हणाल्या. "रोज मनातल्या मनात फाटकापरेंतच आणली हिले. पुढचं म्या कधी पाह्यलंच नाही."